पेण-रोह्याच्या पाठीचा हिशेब

एक लाख पस्तीस हजार. एका एकरात भाताचे चूड २० बाय १५ सेंटिमीटरवर लावले, तर साधारण इतके बसतात. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर आणि एका चुडाला लागणारी जागा ०.०३ चौरस मीटर. गुंठ्याला ३,३७० चूड झाले. एकराला दहा बाया आणि एक दिवस धरला, तर एकीच्या वाट्याला साडेतेरा हजार येतात. आठ तासांचे सेकंद त्यावर वाटले, की दर दोन सेकंदांना एक चूड. खाचरात कोणी पट्टी घेऊन अंतर मोजत नाही, दाट-विरळ होतेच; तरी हिशेब फारसा हलत नाही. पेणच्या वाशी-शिर्की भागात, रोह्याकडे कोलाडच्या खोऱ्यात जुलैत हेच चालते. ज्यांचे रान काळ प्रकल्पाच्या कालव्याखाली येते आणि ज्यांचे उन्हाळी भात होते, त्यांना हा आकडा वर्षातून दोनदा पुरा करावा लागतो.

आता हाच आकडा पाठीच्या बाजूने वाचू. लावणी करणारी बाई चुडागणिक उठत नाही. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे रोप चिखलात दाबणार, मग एक पाऊल मागे. गुडघे जवळजवळ ताठ, धड जमिनीला समांतर, पाठीवर इरले नाहीतर प्लास्टिकचा कागद. बाईचे वजन ५० किलो धरले तर डोके, हात आणि धड मिळून निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे २८ किलो, कमरेच्या पुढे अधांतरी असते. त्याचा मध्य कमरेच्या तळाच्या सांध्यापासून साधारण २५ सेंटिमीटर पुढे येतो. त्याला मागून धरून ठेवणारे पाठीचे स्नायू त्याच सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. २८ गुणिले २५ भागिले ५ : १४० किलोची ओढ. हातात वजन काय, तर एक मूठ रोपे.

हा हिशेब ढोबळ आहे आणि त्यात एक गोम आहे. माणूस पूर्ण ओणवा झाला की पाठीचे स्नायू चक्क काम थांबवतात. भार जातो मणक्यांना मागून बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर. अस्थिबंध हळूहळू ताणले जातात आणि लगेच पूर्ववत होत नाहीत. कॅनडातले संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी माणसांना २० मिनिटे पूर्ण वाकवून बसवले आणि मोजले. आलेल्या सैलपणातला निम्मा पहिल्या दोन मिनिटांत भरून निघाला. अर्ध्या तासाने मोजले, तेव्हाही थोडा उरलाच होता. खाचरातून उठून बांधावर आल्या आल्या रोपांच्या मुठींचा भारा डोक्यावर घ्यायचा, तो हाच क्षण. बाया सांगतात, ‘लावताना नाही कळत, उठताना कंबर धरते.’ मोजमाप त्यांच्याच बाजूने आहे.

याच रायगडात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा भात तंत्र’ बसवले. कायमच्या गादीवाफ्यावर साच्याने भोके पाडून थेट बी टोकायचे. चिखलणी नाही, लावणी नाही. त्याची चर्चा जमिनीच्या कसाबद्दल आणि मजुरीच्या खर्चाबद्दल होते. पाठीच्या हिशेबात ते कोणी मांडत नाही, आणि मला वाटते तिथेच त्याचा मोठा फायदा आहे. टोकणीलाही वाकावे लागते, पण इतका वेळ नाही.

गादी, पोते आणि कायदा

माणसाच्या कण्यात ३३ मणके : मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५, त्याखाली त्रिकास्थीत जुळून एक झालेले ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. हलणारे २४. त्यांच्यामधल्या गाद्या २३, आणि या गाद्यांची मिळून जाडी कण्याच्या लांबीच्या सुमारे पाव भाग भरते. छातीचा भाग मागे २० ते ४० अंश फुगलेला, कमरेचा भाग पुढे ४० ते ६० अंश वळलेला. दवाखान्यातल्या बोलीत छातीचे मणके ‘डी’ आणि कमरेचे ‘एल’. डी-एक ते डी-बारा, मग एल-एक ते एल-पाच. पुढे मीही तसेच लिहिणार आहे.

गादीवर किती दाब पडतो, हे स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून मोजायला सुरुवात केली. उभ्या माणसाचा दाब १०० धरला, तर उताणे झोपल्यावर तो २५ होतो, उभ्याने पुढे वाकल्यावर १५०, आणि वाकून हातात वजन घेतले की २२०. बसल्यावर १४० असा त्यांचा आकडा होता. १९९९ मध्ये जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा बसल्यावरचा दाब उभ्याइतकाच किंवा किंचित कमी निघाला. बाकी चित्र तेच राहिले. उभ्याने ०.५ मेगापास्कल, झोपून ०.१, आणि २० किलोचे खोके पाठ वाकवून उचलले तर २.३. गुडघे मोडून उचलले तर १.७. विल्के यांचे हे सगळे आकडे एकाच स्वयंसेवकाच्या एकाच गादीतले आहेत. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते अजून फिरतात, कारण अशी सुई टोचून घ्यायला फारसे कोणी तयार होत नाही.

वीस किलोला ही गत, तर पोत्याचे काय? सिमेंटची गोणी ५० किलोची. तांदळाचे कट्टेही कित्येक ठिकाणी ५० चेच. अमेरिकेची व्यावसायिक आरोग्याची संस्था अगदी आदर्श परिस्थितीतही, म्हणजे वजन अंगालगत, कमरेच्या उंचीवर, न वळता, २३ किलोची शिफारस करते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा सांगितला होता. आपली पोती याच जुन्या आकड्याच्या सावलीत राहिली. आपल्याकडे १९४८ चा कारखाने कायदा इजा होईल इतके वजन कोणाकडून उचलून घेऊ नये असे सांगत होता, आणि १९६९ चा माथाडी कायदा हमालाला मंडळ, हजेरी आणि मजुरी देतो. हमाल पोते पाठीवर ‘घेतो’. दुसरे दोघे ते त्याच्या पाठीवर ठेवतात. मणक्याच्या हिशेबात हा शहाणपणा आहे, कारण वजन अंगाला चिकटून असते आणि जमिनीवरून उचलण्याचा तो २.३ वाला क्षण टळतो. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा डोलवीकडे जे काम यंत्राने होते ते होते. ट्रकच्या फाळक्यापासून गोदामाच्या थप्पीपर्यंतचे शेवटचे दहा-वीस पावलांचे काम अजून माणसाचे आहे.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत वेगळीच तऱ्हा. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत रंगकाम करणारी माणसे पाटावर नाहीतर जमिनीवर बसून, मान खाली, पाठ गोल करून तासन्‌तास असतात. डोळ्यांची आखणी करणाऱ्याचा हात हलतो, बाकी सगळे शरीर थिजलेले. इथे कमरेपेक्षा डी-चार ते डी-आठ, म्हणजे दोन फऱ्यांमधला पट्टा जास्त दुखतो. पापड लाटणाऱ्या बायांचेही तेच. पाठ मोडते असे मात्र यात काही नसते. गणेशोत्सव झाला की या दुखण्याचा जोर ओसरतो. पुढच्या मूर्तींना हात लागला की ते परत येते.

अशी दुखणी किती? २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या पुढे जाईल असा अंदाज ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ने मांडला. आपल्या जवळचा आकडा पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचा. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी तिथे घरोघरी जाऊन ४,०९२ प्रौढांना विचारले. ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, हाडे-सांधे-स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. भिगवण कोरडवाहू आणि ऊसपट्ट्याच्या सीमेवरचे; भाताच्या चिखलातले गाव नव्हे. तरी प्रमाणाची कल्पना येते.

डी-बारा, एल-एक

आता दुसऱ्या जातीचे आकडे, जिथे दोन सेकंदांत सगळे होऊन जाते.

पावसाआधी कौले परतायला चढलेला माणूस दहा फुटांवरून पडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी २८ किलोमीटर असतो. वीस फुटांवरून ३९. तीस फुटांच्या माडावरून ४८. वीस फूट हा आकडा दहीहंडीमुळे सगळ्यांना पाठ आहे : २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांना तीच मर्यादा घातली होती. २०१७ मध्ये ती सुटली, १४ वर्षांखालच्या मुलांना बंदी राहिली, आणि २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता देऊन मृत्यूला १० लाखांची मदत ठरवली.

वेगापेक्षा महत्त्वाचे म्हणजे तो किती अंतरात थांबतो. दहा फूट, म्हणजे ३०५ सेंटिमीटर पडलेला माणूस कोब्यावर टाचांवर उतरला आणि १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर अंगावर त्याच्या वजनाच्या तीसपट भार येतो. ६० किलोच्या माणसात एल-एकच्या वर ३० किलो धरले, तर त्या एका मणक्यावर ९०० किलो. चिखलणी केलेल्या खाचरात पाय ३० सेंटिमीटर रुतले तर तोच भार ३०० वर येतो. तरुण माणसाच्या कमरेचा मणका प्रयोगशाळेत साधारण ५०० ते १,००० किलोपर्यंत टिकतो. साठी उलटलेल्या, हाडे विरळ झालेल्या बाईत तो २००-३०० लाच खचू शकतो. छपरावरून पडलेला पोरगा लंगडत घरी जातो आणि त्याची आजी अंगणात पाय घसरून बसली, तरी मणका दबतो, तो या दोन आकड्यांमुळे.

आणि दबतो तो बहुधा ठरलेल्या जागी. छाती-कमरेच्या कण्याला होणाऱ्या मोडींपैकी निम्म्याहून जास्त डी-अकरा ते एल-दोन या चार मणक्यांत होतात. छातीचे पहिले दहा मणके बरगड्यांनी आणि पुढच्या उरोस्थीने एका पिंजऱ्यात बांधलेले आहेत. अकरावी आणि बारावी बरगडी पुढे कशालाच जोडलेली नाही. त्याखालची कंबर पुढे-मागे ५०-६० अंश वाकते, पण सांध्यांची ठेवण अशी की गिरकी घेता येत नाही. पाचही मणके मिळून १० अंशांच्या आसपास. वरचा भाग ताठ, खालचा लवचीक, मागे फुगलेली कमान इथेच पुढे वळते. सगळा झटका या वळणावर येऊन बसतो. निसर्गाने आणखी एक खोडी करून ठेवली आहे : मज्जारज्जू मोठ्या माणसात साधारण एल-एक, एल-दोनच्या पातळीला संपतो. म्हणजे ज्या जागी मणका मोडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तिथेच लघवी-संडासचा ताबा ठेवणारे रज्जूचे टोक आहे. त्याखाली नुसत्या नसांचा झुपका. नसा रज्जूपेक्षा चिवट. म्हणून एल-तीन मोडलेल्याचे पाय परत येण्याची आशा डी-बारा मोडलेल्यापेक्षा बरी असते.

१९८३ मध्ये फ्रान्सिस डेनिस यांनी अशा ४१२ दुखापती तपासून कण्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन खांब कल्पिले. पुढचाच खांब दबला तर साधी दबमोड : ४१२ पैकी १९७. मधलाही फुटून हाडाचा तुकडा मागे मज्जारज्जूच्या पोकळीत घुसला तर स्फोटमोड : ५९. मोडून जागेवरून सरकलेले : ६७. आणि सीटबेल्टमुळे कमरेत आडवे चिरलेले : १९. उरलेले किरकोळ. आडवे चिरण्याचा हा प्रकार जॉर्ज चान्स यांनी १९४८ मध्येच नोंदला होता. पोटावरून जाणारा नुसता कमरपट्टा लावलेला माणूस झटक्याने पट्ट्यावर दुमडतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे आतडेही फाटलेले निघते. पट्टा खांद्यावरून घेतला तर हे टळते. खांद्याचा पट्टा टोचतो म्हणून काखेखालून घेणारे लोक मागच्या सीटवर हटकून दिसतात.

टाचेचे हाड मोडलेल्या दर दहांपैकी सुमारे एकाच्या कमरेचा मणकाही मोडलेला असतो. टाचेची कळ इतकी की पाठीकडे लक्ष जात नाही.

तपासणारा हात कुठे कमी पडतो

अमेरिकेतल्या १३ अपघात केंद्रांनी मिळून केलेली, २०१५ मध्ये छापून आलेली एक पाहणी आहे. मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत कामाची वाटते. शुद्धीवर असलेले, नीट उत्तरे देणारे ३,०६५ जखमी. त्यांतल्या ४९९ जणांच्या, म्हणजे १६.३ टक्क्यांच्या, छाती-कमरेच्या कण्याला इजा होती. डॉक्टरने नुसती तपासणी केली (पाठीच्या मध्यरेषेवर दुखते का, दाबल्यावर कळ येते का, वाकडेपणा दिसतो का, पायांत जोर आणि संवेदना आहेत का), तर इजा असलेल्यांपैकी ७८.४ टक्के सापडले. पाचातला एक सुटला. मग तपासणीला दोन गोष्टी जोडल्या : वय साठ किंवा जास्त आहे का, आणि अपघात कसा झाला. आता उपचाराची गरज असलेल्या इजांपैकी ९८.९ टक्के पकडल्या गेल्या. दोन प्रश्न, ज्यांना ना यंत्र लागते ना पैसे.

याची किंमतही आहे. असे सगळ्यांना संशयित धरले, की इजा नसलेल्या दहांतल्या सातांचा विनाकारण फोटो निघतो. पण ‘कसा झाला’ या प्रश्नात धोक्याचे म्हणून काय मोजले, ते पेण-रोह्याच्या माणसाने वाचण्यासारखे आहे : उंचावरून पडणे, चिरडले जाणे, गाडीतून बाहेर फेकले जाणे, पायी चालणाऱ्याला गाडीची धडक, आणि बंदिस्त नसलेल्या वाहनाचा अपघात. बंदिस्त नसलेले वाहन म्हणजे मोटारसायकल, रिक्षा आणि आपला मिनिडोर. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ लोक रस्त्यावर मेले. त्यांतले ७४,८९७ दुचाकीवरचे. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड ही सगळी गावे ज्या मुंबई-गोवा महामार्गावर आहेत, त्याचा पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ मध्ये रुंदीकरणाला लागला आणि पुढे दशकभर खड्ड्यांसाठीच गाजला. या नियमाने पाहिले तर इथल्या बहुतेक अपघातग्रस्तांची पाठ, ती दुखो न दुखो, संशयित धरायला हवी. एसटीच्या शेवटच्या बाकाचेही तसेच. गतिरोधकावर मागचा बाक उसळतो, प्रवासी हवेत जातो आणि आदळतो. मागच्या बाकावरच्या अशा प्रवाशांच्या डी-बारा, एल-एकच्या दबमोडी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. साठीपुढची बाई असेल तर दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ येते.

प्रत्यक्ष तपासणी पाहायला मिळाली तर ती हातमागाइतकी शिस्तीची असते. माणसाला चौघांनी मिळून, डोक्याजवळच्याच्या हुकमाने, ओंडका फिरवावा तसा एकसाथ कुशीवर वळवायचे, पाचवा तपासणार. तो अंगठा मानेपासून खाली एकेका मणक्याच्या टोकावर दाबत येतो. मोजायला खुणा अंगावरच आहेत : फऱ्याचे खालचे टोक डी-सातच्या सपाटीला, दोन्ही बाजूंच्या खुब्याच्या वरच्या कडा जोडणारी रेषा एल-चारवरून. दोन टोकांमध्ये बोट शिरेल असा खड्डा लागला तर मागचे अस्थिबंध तुटले असे समजायचे, मग फोटोत मणका कितीही सरळ दिसो. पुढे पाय : मांडी पोटाकडे ओढणे एल-दोन, गुडघा ताठ करणे एल-तीन, पाऊल वर करणे एल-चार, पायाचा अंगठा वर करणे एल-पाच, पाऊल खाली दाबणे एस-एक, म्हणजे त्रिकास्थीची पहिली नस. प्रत्येकाला ० ते ५ गुण. टाचणीने संवेदना : स्तनाग्रे डी-चार, बेंबी डी-दहा, जांघ डी-बारा ते एल-एक. बेंबीखाली काही कळत नसेल, तर इजा दहाव्या पातळीच्या आसपास शोधायची. शेवटी गुदद्वाराभोवतीची संवेदना. ही पायरी लाजेपोटी टाळली जाते, आणि इजा पूर्ण की अपूर्ण हे नेमके तिच्यावर ठरते.

शस्त्रक्रिया करायची की नाही यासाठी अलेक्झांडर व्हॅकारो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक गुणपत्रिका केली. हाडाच्या मोडीच्या आकाराला जास्तीत जास्त ४, मागच्या अस्थिबंधांना ३, नसांना ३. एकूण १०, तीनपर्यंत विश्रांती आणि पट्टा, पाच किंवा पुढे शस्त्रक्रिया, चारला डॉक्टरच्या मतावर. म्हणजे दहांतले सहा गुण अशा गोष्टींचे, ज्या साध्या एक्स-रेत थेट दिसत नाहीत. त्यात एक उलटे वाटणारे कलम आहे : रज्जू पूर्ण निकामी झालेल्याला २ आणि अर्धवट इजा झालेल्याला ३. ज्याचे अजून काही वाचवण्यासारखे उरले आहे, त्याला घाई जास्त.

चित्रात दिसते ते सगळे दुखत नाही

संथ दुखण्यात मात्र फोटोचा सोस उलटा भोवतो. कंबर दुखायला लागली की पनवेलला जाऊन एमआरआय, आणि अहवालात ‘एल-चार, एल-पाच गादी फुगली आहे’. घरी येऊन सांगायचे, गॅप आहे. ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ३,११० लोकांची अशी चित्रे एकत्र केली. हे सगळे पाठीची काहीही तक्रार नसलेले लोक. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. फुगलेली गादी विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४. लावणी करणाऱ्या पन्नाशीतल्या बाईच्या चित्रात काहीच दिसले नाही तरच नवल.

इथेही खाटेवरची तपासणी जास्त सांगते. उताणे झोपवून पाय ताठ वर उचलायचा. ३० ते ७० अंशांच्या मध्ये कळ कमरेतून पोटरीखाली उतरली तर नस दबली असावी. गादी सरकलेल्या दहांपैकी नवांत ही खूण मिळते, पण गादी धड असलेल्या बऱ्याच जणांतही मिळते. उलट, धड बाजूचा पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ गेली तर निदान जवळजवळ पक्के. फक्त ती खूण दहांतल्या तिघांतच दिसते. मग टाचांवर चालायला लावायचे, चवड्यांवर चालायला लावायचे. शिंप्याची टेप घेऊन कमरेच्या खळग्यांच्या रेषेच्या ५ सेंटिमीटर खाली आणि १० वर खूण करायची आणि वाकायला सांगायचे : १५ चे २० झाले पाहिजेत. हीच टेप छातीभोवती. पूर्ण श्वासाला घेर अडीच सेंटिमीटरही वाढत नसेल, माणूस चाळिशीच्या आतला असेल, सकाळी अर्ध्या तासाच्या वर पाठ आखडत असेल आणि कामाला लागल्यावर मोकळी होत असेल, तर तो कण्याचा संधिवात. अशा पोरांना वर्षानुवर्षे ‘जड काम करू नको’ एवढेच सांगितले जाते, जे नेमके चुकीचे आहे.

उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला लाथ लावून घेण्याची रीत कोकणात अजून आहे. तिला यश येते याचे कारण आकड्यांत आहे : नुकतीच सुरू झालेली साधी कंबरदुखी बहुतेकांची सहा आठवड्यांच्या आत आपोआप बरीच कमी होते, मग मधे लाथ बसो, मलम लागो की इंजेक्शन. प्रश्न उरतो दवाखान्यात येणाऱ्या शंभरातल्या त्या चार-पाचांचा, ज्यांच्या दुखण्यामागे मोड, गाठ किंवा जंतू आहे. रात्री झोपेतून उठवणारी कळ, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारे वजन असेल तर मणक्याचा क्षय मनात आला पाहिजे. हाडांच्या क्षयातला निम्मा कण्यात होतो, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी चारातला एक भारतात आहे. क्षयाने पोखरलेल्या डी-दहावर लाथ बसली तर पाय जाऊ शकतात. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये हे पोक आणि लुळे पाय यांचे नाते लिहून ठेवले. आज औषधे आहेत, आणि वेळेत सुरू केली तर बहुतेकांना चाकूची गरजही पडत नाही.

आणखी एक खूण घड्याळ लावून पाहण्याची. दोन्ही पायांत कळ, मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा आणि लघवी तुंबणे. म्हणजे कमरेतला नसांचा सगळा झुपकाच दबला आहे. ४८ तासांच्या आत मोकळा केला तर लघवीचा ताबा परत येण्याची शक्यता बरीच जास्त असते. बाई दोन दिवस लाजेने बोलत नाही, आणि ४८ तास तिथेच संपतात.

पेणच्या डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरून पडलेला माणूस अजूनही झोळीतून खाली येतो. झोळीत कंबर खाली लोंबते, पाठ पुढे दुमडते, आणि फुटलेल्या मणक्याचा तुकडा रज्जूकडे ढकलला जातो. शिडी, फळी, काढलेले दार यांपैकी काहीही चालते. माणूस सपाट राहिला पाहिजे आणि छाती-कंबर-मांडी तीन ठिकाणी बांधलेला. राज्यात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, त्यांतल्या २३३ अद्ययावत. ती उभी राहते तिथे फळी लागतेच. प्रश्न डांबरी रस्त्यापर्यंतचा आहे. पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून माणूस बहुधा अलिबागला नाहीतर पनवेलकडे पुढे जातो, आणि दर टप्प्यावर नवा डॉक्टर नव्याने विचारतो. सोबतच्या माणसाने चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून खिशात ठेवाव्यात : किती फुटांवरून पडला, कशावर पडला आणि आधी काय टेकले, पडल्यावर लगेच पाय हलत होते का, आणि शेवटची लघवी किती वाजता झाली.